ट्रीटमेंट संपली, आता पुढे? (ठाणे–नवी मुंबईकरांनो, जरा बोला)

मोगरी | रविवार, रात्री ११:२०

कॅन्सरचं निदान झाल्यावर काय करायचं यावर इथे भरपूर धागे आहेत. टाटा हॉस्पिटलची फाईल कशी काढायची, मेडिक्लेमवाले कुठे अडवतात, विग कुठे मिळतो, सगळं वाचून झालंय. मला त्याच्या पुढचं विचारायचंय.

मी नौपाड्यात राहते. पंचेचाळिशी, उजव्या ब्रेस्टचा कॅन्सर. ऑपरेशन, केमो, रेडिएशन पार पडलं. आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी आणि ठरावीक महिन्यांनी फॉलोअप. शेवटचं रेडिएशन झालं त्या दिवशी घरात पेढे आले, सासूबाईंनी कौपीनेश्वराला अभिषेक करवला आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. कुणावर राग नाही, लोकांनाही संसार आहेत. केमो चालू होती तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी वार वाटून घेतले होते, रोज कुणाचा तरी डबा. तेव्हा मी एकदाही रडले नाही. आता गवार मोडताना रडू येतं. नवरा म्हणतो, "अगं, आता तर सगळं छान झालंय." खरंच झालंय. म्हणूनच बोलायची पंचाईत.

केस परत आले ते कुरळे. जन्मभर माझे सरळसोट होते. परवा राममारुती रोडला जुनी मैत्रीण भेटली, "अय्या, कर्ल्स केलेस? कुठल्या पार्लरमध्ये?" मी पण दिलं ठोकून एका पार्लरचं नाव. आता ती तिथे जाऊन भांडेल.

गणपतीतली गंमत सांगते. सोसायटीची आरती झाली, मी ताटातला उकडीचा मोदक उचलला तर शेजारची म्हणाली, "तुला गोड चालतं का गं? साखरेनं वाढतो म्हणतात." आजूबाजूच्या सगळ्या बायका गप्प. सगळ्यांची नजर माझ्या हातातल्या मोदकावर, त्यावर तुपाची धार ओतायला आलेली मुलगीही भांडं हातात धरून थांबलेली. खावा तर बेफिकीर, ठेवावा तर अजून आजारीच. मी खाल्ला. तूप मात्र मागायचं राहिलं.

तर प्रश्न असा की सगळं आटोपल्यावर असं होतं का कुणाला? आणि पुढच्या महिन्यात ऑफिसात रुजू व्हायचंय, तिथे काय आणि किती सांगायचं?

तलावपाळी | रविवार, रात्री ११:५२

होतं. मला झालं. माझं तर शेवटच्या केमोच्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवरच सुरू झालं. नर्स म्हणाली, "आता येऊ नका हं इकडे," आणि मला वाटलं, अहो, मग मी जाऊ कुठे?

मोदकाचं मनावर घेऊ नकोस. साखर खाल्ली म्हणून कॅन्सर वाढतो असं काही नाही. डायबेटिस असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या मजल्यावरच्या एकीने रेडिएशन चालू असताना आपल्या नातीला माझ्याकडे पाठवणं बंद केलं होतं. बाहेरून मशिनने देतात ते रेडिएशन अंगात शिल्लक राहत नाही. थायरॉइडसाठी रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन देतात तेव्हा थोडे दिवस लांब राहायला सांगतात, बाकी नाही. हे मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली, नातीला नाही पाठवलं.

निसर्गमित्र | सोमवार, सकाळी ७:०५

ताई, केमोचं विष शरीरात साठून राहतं त्यामुळे नैराश्य येतं. रोज अनशापोटी गव्हांकुराचा रस आणि आमच्याकडचा काढा घ्या, टॅमॉक्सिफेनची गरज राहणार नाही. संपर्क [मजकूर काढला]

प्रशासक | सोमवार, सकाळी ९:३०

फोन नंबर आणि उत्पादनाचं नाव काढलं आहे. डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करा असा सल्ला इथे देऊ नये. पुन्हा दिला तर आयडी गोठवला जाईल.

फटकळ | सोमवार, सकाळी १०:१०

प्रशासकांना अनुमोदन. मोगरी, गोळी सोडू नका. ती गोळी म्हणजे ट्रीटमेंटच आहे, पाच वर्षं तर असतेच, काहींना दहा सांगतात. "ट्रीटमेंट संपली" हे लोकांसाठी, तुमच्यासाठी नाही.

मला खरी चीड आहे ती "पॉझिटिव्ह राहा"वाल्यांची. आमच्या आईच्या वेळेस येणारा प्रत्येक जण तेच सांगून जायचा. त्याचा अर्थ एवढाच, की रडायचं असेल तर आमच्यासमोर नको. आणि पुढे काही बिनसलं तर दोषही पेशंटचाच, ती पॉझिटिव्ह राहिली नाही ना! आईने शेवटी एका मामांना सांगितलं, "तू राहा पॉझिटिव्ह, मला झोपू दे." बाई शेवटपर्यंत खवट होती, आणि आम्हाला तशीच हवी होती.

समुपदेशिका | सोमवार, दुपारी १:४५

मी कॅन्सर रुग्णांसोबत काम करते. कुठे ते सांगत नाही, ओळखीचे पेशंट इथे असू शकतात.

मोगरी, तुम्ही लिहिलंय ते आम्ही रोज ऐकतो. उपचार चालू असतात तेव्हा दिवसाला एक वेळापत्रक असतं. रक्त तपासा, पेशींचा काउंट बघा, पुढची तारीख घ्या. कुणीतरी सतत लक्ष ठेवून असतं आणि आपणही काहीतरी करतोय असं वाटतं. ते सगळं एका दिवसात थांबतं. आजवर मागे ढकललेली भीती मग वर येते. भरीला टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून वाफा निघणं, झोपमोड, केमोनंतर महिनोन्महिने टिकणारा थकवा आणि विसरभोळेपणा. यातलं काही "मनाचे खेळ" नाही.

कॅन्सरच्या रुग्णाच्या मनाकडे वेगळं लक्ष द्यायची शाखा तशी तरुण आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ मध्ये त्यासाठी विभाग उभा केला, तोवर हे फारसं कुणी विचारतच नव्हतं. आपल्या परळच्या टाटात पेशंट १९४१ पासून येतायत. आज तिथे मानसोपचार विभाग आहे, पण स्वतःहून तिकडे वळणारे कमी. लोक म्हणतात, "मला कॅन्सर आहे, वेडबीड लागलेलं नाही."

घरी करता येईल असं एक साधं माप आहे. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला याला शून्य ते दहामध्ये आकडा द्या. चार किंवा वर आला तर फॉलोअपला डॉक्टरांना तो आकडा सांगा. "कसं वाटतंय?"ला आपण सवयीने "बरं आहे" म्हणतो, आकडा सांगितला की डॉक्टर मान वर करून बघतात. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत.

आणि एक महत्त्वाचं. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांगा. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो. दुसऱ्या चालणाऱ्या गोळ्या आहेत, ते बघून देतील.

मोगरी | सोमवार, रात्री १०:३०

आकडा सात आला. नवऱ्याला सांगितला, तो म्हणाला, "शंभरपैकी?"

हसू आलं, पण मग बसला समोर.

सानपाडेकर | मंगळवार, सकाळी ८:१५

बरेच दिवस रोमात होतो, म्हणजे नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे नवरा. बायकोला ओव्हरीचा कॅन्सर होता.

तिच्या आजारपणात मी चांगलाच तयार झालो. गोळ्यांचा डबा, ताप मोजायची वही, फाईलमध्ये रिपोर्ट तारखेवार, कुठला काउंट किती असला की केमो पुढे ढकलतात ते तोंडपाठ. घरात कुणी शिंकलं तरी मी दारात उभा. आयुष्यात पहिल्यांदा घर माझ्यावाचून अडत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचं बरंही वाटायचं.

आता ती बरी आहे. स्वतः वाशीला जाऊन भाजी आणते. मी विचारतो, "पाणी प्यायलीस का?" तर म्हणते, "मी तुझी पेशंट नाहीये." पोट दुखलं तर मला सांगत नाही, कारण सांगितलं की माझा चेहरा बघून तिलाच मला धीर द्यावा लागतो. पोट गॅसेसनेही दुखतं हे आम्ही दोघं विसरलोय. फॉलोअपच्या आधीचा आठवडा घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. रिपोर्ट चांगला आला की दोघं मिळून सीवूड्सला जाऊन भरमसाट खातो आणि घरी येताना कशावरून तरी भांडतो. दर वेळी.

मोगरीताई, तुमच्या मिस्टरांना काहीतरी काम द्या.

तलावपाळी | मंगळवार, सकाळी ८:४०

"मी तुझी पेशंट नाहीये" हे वाक्य आमच्याकडेही झालेलं आहे.

राबाळे_दुसरी_पाळी | मंगळवार, सकाळी ९:०५

मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं पडतं. तोंडाचा कॅन्सर, डावा जबडा काढला, पायाचं हाड आणि कातडी लावून नवा केला. आवाज आता घरघरीत येतो. बँकेतून फोन आला की पोरगी म्हणते, "सर, नेटवर्क इश्यू आहे, क्लियर येत नाही." नेटवर्क चांगलं आहे मॅडम, मीच असा आहे.

कुणाला किळस वाटेल पण लिहितो. पायाची कातडी तोंडात लावली तर पायाचे केस तोंडात येतात. खरंच उगवतात. जिभेला लागतात. डॉक्टर म्हणाले, होतं असं, रेडिएशननंतर बऱ्याच जणांचे जातात. माझे गेले थोडे.

तुम्हा ताई लोकांना निदान लोक "बिचारी" म्हणतात. मला म्हणतात, "खाल्लीस ना तंबाखू, भोग आता." खाल्ली. पंधराव्या वर्षी कामाला लागलो, दुसऱ्या पाळीत जागं राहायला सगळेच खायचे, सुपरवायझर स्वतः पुडी पुढे करायचा. गुटखाबंदी २०१२ ची, टपरीवर कधी अडलं नाही. मला माहीत आहे कशाने झालं. तेच तेच ऐकवून जबडा परत येणार आहे का.

ईएसआयसीमधून, म्हणजे कामगार विम्यातून, मोठ्या आजाराची रजा मिळाली, पगाराच्या ८० टक्के. त्यावर गावाकडे चर्चा की हा घरी बसून पगार खातो. परत कामावर गेलो तर कॅन्टीनला मी भात कालवून पातळ करून खातो, ओठाच्या कडेने थोडं गळतं, रुमाल लावावा लागतो. पहिल्या दिवशी टेबलावरचे दोघं ताट घेऊन उठले. आता मी सगळ्यांच्या नंतर जातो.

फटकळ | मंगळवार, सकाळी ९:२०

दादा, उठलेल्यांची ताटं त्यांच्या डोक्यावर उपडी करायला पाहिजे होती. (प्रशासक, हे उडवू नका.)

समुपदेशिका | मंगळवार, सकाळी ११:००

दादा, स्पीच थेरपी थांबवली असेल तर पुन्हा सुरू करा. आवाज आणि गिळणं दोन्हीवर काम करता येतं, बराच काळ गेला असला तरी. आणि तंबाखूबद्दल लोक बोलतात ते स्वतःच्या धीरासाठी. त्याच्या हातून काहीतरी घडलं म्हणून त्याला झालं असं म्हटलं की आपल्याला होणार नाही असं वाटतं. तंबाखूला कधी हात न लावलेल्या लोकांनाही तोंडाचा कॅन्सर झालेला मी पाहिलाय, त्यांच्या नातेवाइकांकडे बोलायला काहीच नसतं, ते फार बिथरतात.

कामोठे_कट्टा | मंगळवार, दुपारी ३:१०

मी २९, हॉजकिन लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर), खारघरला टाटाच्याच अॅक्ट्रेक केंद्रात ट्रीटमेंट झाली. सध्या सगळं क्लियर. डॉक्टर म्हणतात, नॉर्मल जगा. नॉर्मल म्हणजे आमच्या घरात लग्न.

आईचं म्हणणं, आजाराचं कुणाला सांगायचं नाही. बाबांचं म्हणणं, साखरपुड्यानंतर सांगू. मी म्हणतो, पहिल्या फोनलाच. मागच्या वर्षी एका ठिकाणी सगळं जमत आलं होतं. मी सांगितलं, मुलीला काही वाटलं नाही, चांगलं बोलत होती. तिच्या काकांनी गुगल केलं. संध्याकाळी निरोप आला, "पत्रिकेत मंगळ निघाला."

मूल होईल का हा पुढचा प्रश्न, तो कुणी थेट विचारत नाही. केमोच्या आधीच डॉक्टरांनी सॅम्पल फ्रीज करायला सांगितलं होतं, ते करून ठेवलंय. आता हे पोह्यांच्या प्लेटसमोर कसं सांगणार?

अवांतर : आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून केलेली कार-टी थेरपी (पेशंटच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देतात ती) २०२३ मध्ये मंजूर झाली, त्याची बातमी मला आजवर अख्ख्या खानदानाने पाठवली आहे. "तुझ्या खारघरचंच आहे बघ!" ती बी-सेलच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे, माझा हॉजकिन म्हणजे वेगळा प्रकार. हे समजावून सांगायचं मी सोडलं, आता अंगठ्याचा इमोजी पाठवतो.

कळव्याची_काकू | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

बाळा, तुझ्या आईचं बरोबर आहे. बरा झालास ना? मग लोकांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं? कुणाच्या घरात काय नसतं, सांगतंय का कोणी?

तलावपाळी | मंगळवार, संध्याकाळी ७:००

काकू, पटलं नाही. पुढे पाच-सहा वर्षं स्कॅनला जायचं ते काय बायकोला "मित्राकडे जातो" सांगून? फाईल कपाटात कुठे लपवणार? लग्नानंतर कळलं तर आजारापेक्षा फसवणुकीचा राग जास्त असतो, आणि गोष्ट कोर्टापर्यंत जाते.

कळव्याची_काकू | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

माझ्या बहिणीला गर्भाशयाचा झाला होता, १९८९ साली. तिला स्वतःलाच आम्ही सांगितलं नव्हतं. डॉक्टरही म्हणाले, नका सांगू. परळला कशाला नेताय असं तिने विचारलं तर "गाठ आहे, साधी" म्हणालो. ती लिहिती-वाचती बाई, बाहेरचा बोर्ड वाचता येत नव्हता होय? पण तिनेही शेवटपर्यंत आम्हाला कळू दिलं नाही की तिला कळलंय. तेव्हाची रीतच होती. मी बरोबर-चूक म्हणत नाही, फक्त सांगितलं.

फटकळ | मंगळवार, रात्री ८:०५

काकू, तुमच्याशी भांडायला आलो होतो. राहू दे.

मोगरी | बुधवार, रात्री ९:५०

सगळ्यांचं वाचतेय. आज ऑफिसात जाऊन आले, वागळे इस्टेटला. कंपनीचं नाव नको. मॅनेजरने प्रेमाने सांगितलं, "तू आता टेन्शनचं काम घेऊ नकोस, या वर्षीचं ऑडिट आम्ही दुसऱ्याला दिलंय, तू फाईलिंग बघ." ऑडिट मी अकरा-बारा वर्षं करतेय. तिथेच डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला वाटलं मी अजून सावरलेली नाही, म्हणजे त्याचं बरोबरच होतं.

येताना लोकलने आले. उजव्या हाताला सूज येऊ नये म्हणून दांड्याला लोंबकळणं टाळते, त्यामुळे दिव्यांगांच्या डब्यात चढले. कॅन्सरच्या पेशंटना त्यात परवानगी आहे. टक्कल होतं तेव्हा लोक उठून जागा द्यायचे. आज केस आहेत, लिपस्टिक आहे, तर एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, लेडीज डबा पुढे आहे." पर्समधून हॉस्पिटलचं पत्र काढून दाखवलं. ते वाचून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यापेक्षा मघाचं बरं होतं.

राबाळे_दुसरी_पाळी | बुधवार, रात्री १२:२०

ताई, ते पत्र लॅमिनेट करून घ्या. माझं घडीवर फाटलं होतं.

आणि ऑडिट मागून घ्या. मला पण परत आल्यावर गेटवर बसवायला निघाले होते. मी लिहून दिलं की जबडा गेलाय, हात शाबूत आहेत, मशीनवरच काम करणार. पहिला महिना जड गेला, दुपारी ग्लानी यायची. पण मशीनला माझा आवाज लागत नाही.

सानपाडेकर | गुरुवार, सकाळी ८:०५

मॅनेजरला तोंडी नको, मेल करा. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट जोडा आणि पहिले सहा-आठ आठवडे कमी तास मागा, थकव्याचं खरं कारण लिहून. नुसतं "मी ठीक आहे" लिहिलंत आणि एक दिवस दमून घरी गेलात तर परत फाईलिंग.

(हा मेल लिहायचं काम मिस्टरांना द्या.)

मोगरी | गुरुवार, रात्री १०:१५

दिलं. त्यांनी दोन पानी लिहिला, सुरुवातच "विषयांकित प्रकरणी". मी चार ओळींचा केला आणि पाठवला. अर्धं ऑडिट परत मिळालंय, उरलेल्या अर्ध्यासाठी भांडेन. फॉलोअप पुढच्या मंगळवारी आहे, तेव्हा तो सातचा आकडा डॉक्टरांना सांगणार आहे.

राबाळेदादा, माझ्या भावाच्या कारखान्यातल्या एकाला तुमच्यासारखीच रजा हवी आहे. त्याचं ईएसआयसीचं काय करावं लागतं?

राबाळे_दुसरी_पाळी | गुरुवार, रात्री १२:४०

साधी आजारपणाची रजा वर्षात ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. त्यात भागलं नाही आणि आजार त्यांच्या मोठ्या आजारांच्या यादीत असेल, कॅन्सर आहे, तर ८० टक्के, आणि दोन वर्षांपर्यंत वाढवून मिळते. पण नोकरीत विमा भरून दोन वर्षं झालेली पाहिजेत. प्रत्येक वेळी त्यांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, तारखांमध्ये खंड पडू देऊ नका, तिथेच पैसे अडकतात. झेरॉक्स दोन काढा. त्याला माझा निरोप द्या, इथेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर म्हणावं. फोन नको, व्यनि.

कामोठे_कट्टा | शुक्रवार, सकाळी ११:३०

अपडेट : रविवारी एक स्थळ बघायला येतंय, सीवूड्सचं. या वेळी मी फोनवरच सांगून टाकलं, फ्रीज केलेल्या सॅम्पलसकट. पलीकडे जरा वेळ शांतता, मग मुलगी म्हणाली, "बरं, आणि पगार?" आई अजून माझ्याशी बोलत नाहीये, पण पोह्यांसाठी ओला नारळ आणलाय.

कळव्याची_काकू | शुक्रवार, दुपारी १२:१०

टीशर्ट घालू नकोस. इस्त्रीचा शर्ट घाल. आणि काका येणार आहेत का, ते विचारून ठेव.